रात्री दीड वाजताचा फोन: इंटरनेटचं व्यसन आणि कॉलेजच्या मुलामुलींची तब्येत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यातल्या एका कॉलेजात मी विद्यार्थ्यांची समुपदेशक म्हणून काम करते. 'मॅडम, मला इंटरनेटचं व्यसन लागलंय' असं म्हणत दार ढकलून आत येणारं कुणी जवळजवळ नसतंच. मुलं येतात ती हजेरी कमी पडून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं म्हणून, तीन विषय राहिले म्हणून, रोज डोकं चढतं म्हणून, नाहीतर मेंटॉर सरांनी पाठवलं म्हणून. पाणी पिऊन होईस्तोवर विषय फोनवर येतो. त्या गप्पांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे एकत्र केलेत. एक-दोन पालकांचेही आहेत.

हा खरंच आजार आहे, की घरच्यांनी काढलेलं खूळ?

गंमत म्हणजे हा शब्द जन्माला आला थट्टेतून. १९९५ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी निदानाच्या जाडजूड पुस्तकांची टर उडवायला 'इंटरनेट व्यसन विकार' नावाचा खोटाच आजार रचला, लक्षणांच्या यादीसकट. तर लोक म्हणू लागले, अहो, हे तर माझंच वर्णन आहे! पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तो विषय गंभीरपणे मांडला.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या पुस्तकात फक्त ऑनलाइन गेमिंग घेतलं, तेही 'आणखी अभ्यास हवा' या मागच्या भागात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. रील्स, चॅटिंग, वेब सिरीज, नुसतं स्क्रोलिंग यांना अजून स्वतंत्र नाव नाही. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर 'इंटरनेटचं व्यसन' असे शब्द बहुधा दिसणार नाहीत. तिथे चिंता, नैराश्य, निद्रानाश असं काहीतरी असेल. त्यावरून 'बघा, आजारच नाही' असा निष्कर्ष काढून मोकळं होऊ नका. तीन महिने पहाटे चारला झोपणाऱ्या मुलीला यादीत नाव असलं काय नि नसलं काय, सकाळी उठता येत नाही ते नाहीच.

दिवसाला किती तास झाले की व्यसन म्हणायचं?

तासांचा आकडा मी सांगत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. कॉम्प्युटर शाखेचा मुलगा दिवसाचे नऊ तास स्क्रीनपुढे असतो, कारण कामच ते आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी मुलगी लेक्चर, टेस्ट सिरीज, चालू घडामोडी सगळं टॅबवरच बघते. उलट दिवसाला तीनच तास, पण ते रात्री एक ते चार, असं कुणी म्हणालं की मी वही पुढे ओढते.

गेमिंगच्या निदानात तीन गोष्टी बघतात: सुरू कधी करायचं आणि थांबायचं कधी हे हातात राहिलेलं नाही, बाकी सगळ्याच्या आधी तेच येतं, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे. हे सगळं साधारण वर्षभर टिकलेलं असावं लागतं. बाकी वापरालाही हीच फूटपट्टी लावून बघायला हरकत नाही. यंग बाईंची २० प्रश्नांची, १०० गुणांची चाचणी नेटवर फुकट मिळते. मुलं ती भरून 'मॅडम, चौसष्ट आले' असं सांगत येतात, जणू इंटर्नलचे मार्क. स्वतःकडे बघायला ती बरी आहे, पण निदान त्यावरून होत नाही. शिवाय ती १९९८ ची, फोनच्या तारेतून नेट यायचं त्या काळातली.

मी आपले तीन प्रश्न विचारते. काल रात्री फोन ठेवला तेव्हा किती वाजले होते? मेसमध्ये फोन न बघता शेवटचं कधी जेवलात? आणि आधी काय करत होतात, जे आता सुटलं? तिसऱ्या प्रश्नाला बराच वेळ कुणी बोलत नाही. एक मुलगा बऱ्याच वेळाने 'तबला' म्हणाला आणि टेबलाच्या कडेवर बोटं फिरवत बसला.

एक मेसेज बघायला फोन उघडतो आणि तास जातो. माझी इच्छाशक्तीच कमी आहे का?

नाही. समोरच्या बाजूला तुम्हाला ॲपवर धरून ठेवायला पगारी माणसं बसली आहेत, हे आधी लक्षात घ्या.

पेपर संपतो, पुस्तकाचं प्रकरण संपतं, मालिकेचा भागही संपतो. संपलं की आपण मान वर करतो. ही मान वर करायची जागाच रील्समध्ये काढून टाकलेली आहे. खाली सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही युक्ती २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने काढली, आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. दुसरी युक्ती त्याहून जुनी आहे. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारली की दरवेळी दाणा मिळत असेल, तर कबुतर पोट भरल्यावर थांबतं. कधी मिळेल कधी नाही असं असलं, तर ते चोच मारतच राहतं. दहा रटाळ रील्सनंतर एक भन्नाट लागते, तो तुमचा दाणा.

आणि एक आपल्याकडची गोष्ट. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि रोजच्या दीड-दोन जीबीचे प्लॅन आले. 'आजचा डेटा उरलाय, वाया जाईल' म्हणून रात्री अकराला व्हिडिओ लावणारी मुलं मी पाहिली आहेत. बारा वाजता नवा कोटा येतो, मग तोही सुरू होतो. ताटात वाढलेलं टाकायचं नाही हे संस्कार इथे भलत्याच जागी कामाला येतात.

रात्री उशिरापर्यंत फोन बघितल्याने नेमकं काय होतं? मी सकाळी उशिरा उठून झोप भरून काढतो.

बाकी सगळे प्रश्न एकीकडे आणि हा एकीकडे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आधी काय बिघडलेलं असतं, तर झोप. आणि सुधारायला सुरुवात होते तीही तिथूनच.

अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लागतो, ते शरीराला 'रात्र झाली' असं सांगतं. डोळ्यांवर उजेड पडत राहिला की हा निरोप उशिरा पोचतो. अठरा-वीसच्या वयात शरीराचं घड्याळ मुळातच थोडं मागे चालतं, झोप उशिरा येते. त्यावर फोनचा उजेड. पण मला विचाराल तर उजेडापेक्षा फोनवर काय चाललंय ते जास्त झोप उडवतं. कंटाळवाणा पीडीएफ वाचताना मुलं त्याच उजेडात घोरतात. ग्रुपवर भांडण पेटलं असेल, गेम रंगात असेल, तिने 'लास्ट सीन' लपवलं असेल, तर कसली झोप येतेय!

एका मुलाने मला आपली रात्र मिनिटाच्या हिशोबाने सांगितली होती. साडेदहाला जर्नल लिहायला बसला. अकराला रूममेटने एक व्हिडिओ दाखवला. साडेअकराला दिवा बंद. मग चादर डोक्यावरून, कारण रूममेटला उजेडाचा त्रास होतो. चार्जरची वायर आखूड, म्हणून भिंतीकडे तोंड करून एका कुशीवर. फोन दोनदा नाकावर पडला. शेवटचं घड्याळ पाहिलं तेव्हा ३:२० झाले होते. आठचं प्रॅक्टिकल, सात चाळीसला जाग, नाश्ता नाही, थेट लॅबमध्ये. 'दिवसभर माझं असं काही नसतंच, मॅडम,' तो म्हणाला. 'लेक्चर, लॅब, सबमिशन. रात्रीचे तीन तास तेवढे माझे.' चीनमध्ये याला 'सूड म्हणून जागरण' अशा अर्थाचा शब्द आहे. दिवसाने आपला वेळ खाल्ला, त्याचा सूड रात्रीवर. मला तो शब्द पटतो, कारण त्यात आळस नाही, चीड आहे.

आता 'भरून काढतो' याबद्दल. या वयाला ७ ते ९ तास झोप लागते. कॉलेज असताना साडेचार तास आणि रविवारी दुपारी एकपर्यंत, अशाने सरासरीही जमत नाही आणि शरीराचं घड्याळही जमत नाही. रविवारी दुपारी उठलेल्याला रात्री झोप येणार नाही, सोमवार पुन्हा गेलाच. दिवसभरात वाचलेलं मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो, त्यामुळे जागून केलेलं पाठांतर व्हायवात आठवत नाही. कमी झोपेने भूक वाढते, तीही तळकट-गोडाची, म्हणून रात्री दोनला मॅगी. चिडचिड होते, सर्दी-ताप लवकर होतो, उतरलेला मूड आणखी उतरतो. यातल्या निम्म्या तक्रारी घेऊन मुलं डॉक्टरकडे जातात, रक्त तपासतात, रिपोर्ट नॉर्मल येतो.

निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?

पैसे वाचवा. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. अशा काचांमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो असं त्यात दिसलं नाही, आणि झोप सुधारते असंही खात्रीने सांगता आलं नाही. नंबर असेल तर मात्र नंबरचा चष्मा लावा, तो लाजून पिशवीत ठेवू नका.

डोळे जळजळतात, मान धरते, अंगठा दुखतो. हेही त्यातलंच?

बऱ्याचदा हो. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा आपल्या पापण्या मिटतात. स्क्रीनकडे एकटक बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. पंखा तोंडावर, पापण्या उघड्या, मग डोळे कोरडे पडून वाळू गेल्यासारखे खुपतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. हॉस्टेलच्या खोलीत वीस फूट मिळत नाहीत, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवरची टाकी चालेल.

डोक्याचं वजन साधारण पाच किलो. मान जितकी पुढे वाकवाल, तितका मानेच्या मणक्यांवर भार वाढतो. न्यूयॉर्कच्या एका मणकेतज्ज्ञाने २०१४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार ६० अंशांत वाकवलेल्या मानेवर २७ किलोंच्या आसपास भार येतो. म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. तो हिशोब संगणकावर मांडलेला आहे, प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही. पण परीक्षेच्या सुमारास मान चोळत येणारी मुलं बघितली की तो फार खोटा वाटत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दुखत असेल तर एक करून बघा. अंगठा मुठीत घ्या आणि मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवा. जोरात कळ आली तर तिथल्या स्नायुबंधाला सूज असू शकते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर टायपिंग दुसऱ्या हाताने.

आधी नैराश्य आलं म्हणून फोन वाढला, की फोनमुळे नैराश्य आलं?

दोन्ही बाजूंनी रस्ता आहे, आणि कोणत्या बाजूने तुम्ही आलात हे शोधायला वेळ लागतो. आधीपासून चिंता असलेली, लोकांत मिसळायला घाबरणारी किंवा लहानपणापासून एका जागी लक्ष न लागणारी मुलं फोनमध्ये लवकर अडकतात. मग जागरण, मागे पडलेला अभ्यास, इतरांचे फिरायला गेल्याचे फोटो, त्यामुळे मूळचं दुखणं वाढतं, आणि ते विसरायला पुन्हा फोन.

लातूर, नांदेड, जळगावकडून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला माझ्याकडे जास्त येतात. वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी बोलतात, मेसची भाजी गोड लागते, शेजारच्या खोलीतल्याचं नाव माहीत नाही. गावाकडच्या मित्रांचा ग्रुप मात्र रात्री बारापर्यंत जागा असतो. अशा मुलाला 'फोन कमी कर' म्हणणं म्हणजे बोलायला असलेली एकमेव माणसं काढून घेणं. त्याला आधी इथली दोन माणसं मिळायला हवीत. कधी ते ढोल-ताशा पथकाच्या सरावात होतं, कधी एनएसएसच्या कॅम्पला, कधी मेसमध्ये रोज एकाच टेबलावर बसण्याने.

जगणं नको वाटतंय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, असं असेल तर फोनच्या सवयींचा विचार बाजूला ठेवा. आत्ता कुणालातरी सांगा: रूममेट, वॉर्डन, घर, कुणीही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गेममध्ये पैसे लावले आणि हरलो. आता काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांच्या जाहिराती करणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा 'सांगितलं तर पोलीस पकडतील' ही भीती काढून टाका. बंदीनंतरही लिंक फिरतात, हे मलाही माहीत आहे.

घाई करायची ती कर्जाबद्दल बोलायची. हरलेलं परत मिळवायला मित्रांकडून उसने, मग झटपट कर्जाचं ॲप, मग फीचे पैसे, असा हा उतार असतो. सगळी रक्कम एका कागदावर लिहा, उसने घेतलेले पाचशेसुद्धा, आणि तो कागद घरच्या एका माणसाला दाखवा. बहुतेक मुलं बाबांना सोडून आत्या नाहीतर मामा निवडतात. चालेल.

अश्लील व्हिडिओंमुळे अशक्तपणा येतो का?

नाही. वीर्य गेल्याने शरीर खंगतं ही समजूत आहे, त्यावरची चूर्णं घेऊ नका. पहाटेपर्यंत बघत बसल्यावर जो थकवा येतो तो न झोपल्याचा. थांबावंसं वाटूनही थांबता येत नसेल, अभ्यास आणि नाती त्यात बुडत असतील, तर समुपदेशकाशी बोला. आम्ही दचकत नाही.

नोट्स, असाइनमेंट, लेक्चरची सूचना सगळंच व्हॉट्सॲपवर येतं. फोन सोडू कसा?

सोडू नका. दारूबद्दल 'थेंबही नको' म्हणता येतं, नेटबद्दल नाही. म्हणून याचं नातं दारूपेक्षा जेवणाशी जास्त आहे. वर्गाचा ग्रुप चालू ठेवा, बाकीचे म्यूट करा. पीडीएफ लॅपटॉपवर किंवा झेरॉक्स काढून वाचा. झेरॉक्सच्या कागदाला नोटिफिकेशन येत नाही.

ॲप डिलीट केलं होतं, तिसऱ्या दिवशी परत टाकलं. मग उपाय काय?

तिसऱ्या दिवशी परत टाकणं हे इतकं ठरलेलं आहे की मी ते धरूनच चालते. पहिले काही दिवस चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो, नसलेला फोन थरथरल्याचा भास होतो. हे ओसरतं.

मी एका वेळी एकच गोष्ट सांगते, आणि पहिली गोष्ट नेहमी तीच: गजराचं घड्याळ विकत घ्या. 'फोन गजरासाठी उशाशी लागतो' ही सगळ्यात मोठी सबब आहे, आणि ती दोन-अडीचशे रुपयांत मोडते. मग फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, जमलं तर दाराबाहेरच्या प्लगवर. वर ज्या मुलाची रात्र सांगितली, त्याने तुळशीबागेतून टिकटिक करणारं घड्याळ आणलं. पहिल्या रात्री टिकटिकीने झोप आली नाही. दुसऱ्या रात्री रूममेटने ते कपाटात कोंडलं. आठवड्याभराने दोघांचेही फोन टेबलावर होते. तो आता एक वाजता झोपतो. मी अकरा म्हटलं होतं, पण ३:२० वरून एक म्हणजे फार झालं.

एकट्याने करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून केलेलं सोपं जातं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून हे करून दाखवलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही-मोबाइल बाजूला. हॉस्टेलच्या एका मजल्याने ठरवलं तरी हे जमण्यासारखं आहे. एका मजल्यावर 'मेसमध्ये ज्याचा फोन बाहेर, त्याने चहा पाजायचा' असा नियम मुलांनीच केला. पंधरा दिवस टिकला. पंधरा दिवस का होईना.

आमचा मुलगा वीस वर्षांचा आहे. फोन काढून घ्यावा का? जबरदस्तीने कुठे दाखल करता येईल का?

काढून घेतलात तर तो दुसरा मिळवेल आणि तुमच्याशी बोलणं बंद करेल. सक्तीचे प्रयोग देशांनीही करून पाहिलेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेम बंद केले. मुलं घरच्यांच्या नावाने लॉगिन करू लागली, आणि २०२२ पासून तो कायदाच गेला. चीनमध्ये तर एका इस्पितळात 'नेटचं व्यसन सोडवायला' विजेचे झटके देत होते. २००९ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयालाच ते थांबवावं लागलं.

तुमचा मुलगा सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचाराला त्याची स्वतःची संमती लागते, अपवाद फार थोडे. 'इथे आणून सोडा, महिन्यात सुधारून देतो' असं कुणी म्हणत असेल, तर आधी तिथे मनोविकारतज्ज्ञ आहेत का आणि नोंदणी आहे का ते विचारा. आणि काका, रागावू नका, पण जेवताना तुमचा फोन कुठे असतो?

डॉक्टरकडे कधी जायचं? गोळ्या देतात का?

दोन-तीन आठवडे प्रयत्न करूनही झोप रुळावर येत नसेल, कॉलेज बुडत असेल, जेवण-आंघोळ राहत असेल, तर जा. नेटच्या सवयीवर म्हणून अशी कुठली गोळी नाही. सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर त्यावरची औषधं देतात. मुख्य उपचार बोलण्याचा असतो: कोणत्या क्षणी हात फोनकडे जातो, त्याआधी मनात काय येतं, त्या जागी दुसरं काय ठेवता येईल, हे आठवड्यामागून आठवडे तपासत जायचं. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत यासाठी २०१४ पासून 'शट क्लिनिक' चालतं, दिल्लीच्या एम्समध्येही स्वतंत्र क्लिनिक आहे. पण त्यासाठी एवढं लांब जायला नको. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, केसपेपर काढायचा आणि बसायचं. गर्दी असते, डबा घेऊन जा.

तुमच्याकडे आलो तर घरी किंवा एचओडींना कळेल का?

नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच मी कुणाला सांगते, आणि तेही तुम्हाला आधी सांगून. अटेंडन्ससाठी पत्र हवं असेल तर त्यात फक्त 'समुपदेशनासाठी आले होते' एवढंच लिहिते. दाराबाहेर रांगेत मित्र दिसेल याची लाज वाटत असेल तर दुपारी तीननंतर या, तेव्हा कॉरिडॉर रिकामा असतो. फोन आणलात तरी चालेल, सायलेंटवर ठेवा.